शब्द न देणाऱ्या बाईची निवडणूक

न्यू जर्सीत स्कूल बोर्डावर निवडून आलं की एक आचारसंहिता वाचून तिच्यावर सही करावी लागते. कायद्यातच लिहिलेली दहा कलमं आहेत ती. शाळा आपण चालवायच्या नाहीत, त्या नीट चालताहेत ना एवढं सगळ्यांनी मिळून बघायचं, असं एक कलम. अधिकार बोर्डाचा, एकट्यादुकट्या सभासदाचा नव्हे. म्हणून बोर्डाला अडचणीत आणणारं कोणतंही वैयक्तिक आश्वासन कुणाला द्यायचं नाही, असं दुसरं. तक्रार आली तर ती आधी सुपरिंटेंडंटकडे पाठवायची, असं तिसरं. या कामाला पगार नाही. महिन्यातून दोनदा रात्री अकरापर्यंत बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रोसरीच्या रांगेत लोकांचं ऐकून घ्यायचं.

आमच्या गावच्या बोर्डावर बसून ताई ही संहिता वर्षानुवर्षं पाळत आल्या होत्या. २०२५ च्या वसंतात त्या राज्याच्या असेम्ब्लीसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, उभ्या राहिल्या आणि मी त्यांचा खजिनदार झालो. त्या माझ्या सख्ख्या नव्हेत. या देशात आल्यावर पहिली दिवाळी ज्यांच्या घरी झाली त्या ताई. मराठी मंडळाचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो, तेवढ्या भांडवलावर त्यांनी फोन केला. "अरे, तुला फक्त आकडे बघायचेत. राजकारण मी बघते." हे दोन्ही वेगळं ठेवता येतं असं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटत होतं.

खजिनदाराचं काम इथे भलतंच गांभीर्याने घेतात. निवडणूक खर्चावर देखरेख करणारा राज्याचा आयोग आहे, त्याला सगळे 'एलेक' म्हणतात. असेम्ब्लीच्या उमेदवाराच्या खजिनदाराला त्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं. दोनशे डॉलरच्या वर ज्याने दिले त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो हे सगळं लिहायचं. एका माणसाकडून एका निवडणुकीला ५,२०० डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मतदानाच्या आधी दोन अहवाल आणि नंतर एक. हे सारं इंटरनेटवर उघडं असतं. कोणाच्या काकांनी किती दिले हे अख्खा महाराष्ट्र समाज बघू शकतो, आणि बघतो. दुसऱ्याने अडीचशे दिलेत हे वाचून तिसऱ्याने तीनशे पाठवल्याची उदाहरणं माझ्या वहीत आहेत.

पण मला सगळ्यात जड गेलं ते पैसे परत करणं. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे निवडणुकीला पैसे देता येतात फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-वन व्हिसावर असलेल्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही, राज्याच्या निवडणुकीला नाही आणि गावच्या स्कूल बोर्डालाही नाही. आता मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गावांत शाळेच्या गेटापाशी उभं राहून बघा. मुलांना सोडायला आलेल्यांत मराठी, तेलुगू, गुजराती, तमिळ आईबाप किती, आणि त्यांतले ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं अडकलेले किती! ताईंना सगळ्यात जवळून ओळखणारी माणसं हीच. ईएसएलच्या म्हणजे परभाषक मुलांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी, बसच्या थांब्यासाठी त्या यांच्याच बाजूने बोर्डात बोलल्या होत्या. त्यांनी आपणहून पाठवलेले चेक मी एकेक पाकिटात घालून परत पाठवले. एकाने फोन करून विचारलं, "मी घर घेतलंय, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, माझ्या टॅक्सवर शाळा चालतात, मग माझे पन्नास डॉलर का चालत नाहीत?" कायदा सांगण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. विनामोबदला काम करायला मात्र त्यांना मुभा आहे. त्यामुळे आमच्याकडे दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकांत निम्म्यांना स्वतःला मत नव्हतं.

शाळेचं खातं आणि राज्याचं खातं कुठे जोडलेलं आहे हे सांगितल्याशिवाय ताई का उभ्या राहिल्या ते कळणार नाही. न्यू जर्सीत घरामागे सरासरी प्रॉपर्टी टॅक्स २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक शाळांना जातो. बोर्डाने हा कर वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही, असा २०१० चा कायदा आहे. काही मोजक्या सवलती सोडल्या तर वर जायला मतदारांची परवानगी लागते. शिक्षकांचा आरोग्यविमा, विशेष गरजा असलेल्या मुलांचा खर्च, बसचं कंत्राट, यांना ही मर्यादा कुणी समजावलेली नाही. उरलेली भर घालायची राज्याच्या मदतीने. ती मदत २००८ च्या सूत्राने ठरते: मुलं किती, त्यांच्या गरजा काय, गावातल्या घरांची किंमत किती, लोकांचं उत्पन्न किती. कोविडनंतर घरांच्या किमती वाढल्या. सूत्र म्हणालं, हे गाव श्रीमंत झालं, मदत कापा. घराची किंमत वाढली म्हणून त्यात राहणाऱ्या आजींच्या पेन्शनमध्ये एक पैसा वाढत नाही, पण सूत्राला आजी दिसत नाहीत. त्यात २०१८ च्या कायद्याने काही गावांची जुनी वाढीव मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून घेतली. २०२४-२५ हे त्यातलं शेवटचं वर्ष, आणि त्या वर्षी अनेक बोर्डांच्या नाकातोंडात पाणी गेलं.

स्कूल बोर्ड या सूत्राला हात लावू शकत नाही. ठराव करतं, पत्र लिहितं, राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, विधिमंडळाच्या समितीपुढे तीन मिनिटं साक्ष देऊन येतं. ताईंनी हे सगळं केलं होतं. "तीन मिनिटांत घंटी वाजते," त्या सांगायच्या, "आणि समोरचे आमदार फोन बघत असतात. त्या टेबलाच्या पलीकडे बसल्याशिवाय हे सुटायचं नाही." मला हे पटलं होतं. आजही पटतं.

स्कूल बोर्डातून विधिमंडळाकडे जाणारी ही वाट तशी जुनी. २०२४ च्या डिसेंबरात माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर गेले, तेव्हा भावोजींनी म्हणजे ताईंच्या यजमानांनी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. त्याला कारण विक्रोळी. कार्टर यांच्या आई लिलियन साठीच्या उत्तरार्धात पीस कोअरतर्फे विक्रोळीत परिचारिका म्हणून राहून गेल्या होत्या, आणि भावोजी विक्रोळीत वाढलेले. कार्टर स्वतः जॉर्जियात काउंटीच्या शाळा मंडळावर १९५५ पासून होते. शाळांच्या एकत्रीकरणाची त्यांची योजना १९६१ मध्ये मतदारांनी थोडक्यात पाडली. पुढच्याच वर्षी, आपल्या वाढदिवशी, मतदानाला दोन आठवडे उरलेले असताना ते राज्याच्या सिनेटला उभे राहिले. क्विटमन नावाच्या काउंटीतल्या एका केंद्रावर मत द्यायला आले ३३३ आणि पेटीत मतं ४२०. कित्येक मतदारांनी वर्णानुक्रमे येऊन मत दिल्याची नोंद होती, आणि त्यांत काही मेलेलेही होते! कोर्टकचेरी करून ती पेटी रद्द झाली आणि कार्टर निवडून आले. सिनेटमध्ये गेल्यावर त्यांनी आधी मागून घेतली ती शिक्षण समिती. भावोजी ही गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगत. ताई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे मेलेले येत नाहीत. जिवंतही येत नाहीत, तोच प्रश्न आहे."

ते खरं होतं, आणि अडसर होता पक्षाचा. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत पक्ष नसतो. मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. ताईंच्या बोर्डात रिपब्लिकन कोण हे मला प्रायमरीपर्यंत माहीतही नव्हतं. बजेट समितीत त्यांच्या उजव्या हाताला बसणारे एक सभासद, निवृत्त इंजिनियर, बसच्या कंत्राटातली चूक शोधून काढणारे, त्या पक्षाचे निघाले. ताईंनी अर्ज भरला त्या आठवड्यापासून बैठकीत ते जरा तोलून बोलू लागले. भांडण नाही, वाकडं काही नाही. फक्त पूर्वी जे मुद्दे बाहेर पार्किंगमध्ये बोलून मिटायचे ते आता इतिवृत्तात येऊ लागले. त्यांना दोष देता येत नाही. ताईंच्या नावापुढे एक अक्षर लागलं होतं.

आणि आपली माणसं? त्यांतले बहुतेक मतदार यादीत कुठल्याच पक्षाचे नाहीत. नागरिकत्व मिळाल्यावर फॉर्म भरताना 'कशाला पक्षात पडा' म्हणून तो रकाना कोरा सोडलेला. अशा मतदाराला न्यू जर्सीत प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगून मत देता येतं. पण हे ऐकलं की लोक मागे सरत. "म्हणजे माझं नाव कायम त्या पक्षात लागणार?" नंतर ते बदलता येतं हे दारात उभं राहून समजावण्यात आमची अर्धी संध्याकाळ जायची. मंदिरात आणि मंडळात प्रचार नाही. करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ताई पाडव्याच्या कार्यक्रमाला आल्या, श्रीखंड-पुरी खाल्ली, स्टेजवरून त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. बाहेर येऊन मात्र निम्म्या लोकांनी विचारलं, "तुमचं ते इलेक्शन नोव्हेंबरात ना?"

नव्हतं. १० जूनला होतं. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचा जोर असतो तिथे जे ठरायचं ते जूनमध्येच ठरतं. त्या वर्षी आम्हाला एक नवी आशाही होती. न्यू जर्सीच्या बहुतेक काउंट्यांत पूर्वी पक्षाच्या पुढाऱ्यांनी पसंत केलेले सगळे उमेदवार मतपत्रिकेवर एका ओळीत यायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटची उमेदवारी लढवणाऱ्या अँडी किम यांच्या दाव्यात फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रचना थांबवली, आणि पुढे कायदाच बदलला. आता प्रत्येक पदासाठी सगळी नावं एका चौकटीत. असेम्ब्लीसाठी लागणाऱ्या सह्या शंभरवरून अडीचशे झाल्या, तरी पुढाऱ्यांच्या मर्जीविना उभं राहणाऱ्याला पूर्वीपेक्षा बरे दिवस आले होते.

ओळ गेली, पैसा राहिला. निवडणुकीचं खरं काम म्हणजे फोन. रोज संध्याकाळी दोन तास ताईंनी बसून लोकांना पैसे मागायचे, मी शेजारी बसून नोंदी करायच्या. आम्ही एक सल्लागार नेमला होता, तरुण, हुशार, बोलायला मोकळा. त्याने शिकवलं: आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं, जो आधी बोलेल तो हरला. ताईंना हे जमेना. त्या आकडा सांगायच्या आणि लगेच, "नाही जमलं तरी काही हरकत नाही हं." सल्लागार कपाळावर हात मारायचा. माझ्या मते त्यांना पैसे मागण्याची लाज नव्हती. शाळेच्या फाउंडेशनसाठी त्यांनी दुकानादुकानांत जाऊन बिनदिक्कत मागितले होते. इथे पैसे देणारा विचारायचा, "तुम्ही निवडून आलात तर अमुक करणार ना?" आणि या थांबायच्या.

हे थांबणं मी सगळीकडे पाहिलं. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नावाजवळ सहा शब्दांपर्यंतचं घोषवाक्य छापता येतं. सल्लागाराला तिथे कर कमी करण्याचा शब्द हवा होता. ताई म्हणाल्या, "ऐंशी आमदारांतली मी एक असेन. कर कमी करीन म्हणणारी मी कोण?" दारात एखादी आई म्हणायची, माझ्या मुलाच्या बसचं एवढं करा. त्या सांगायच्या की न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलांना दोन मैलांच्या पलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांच्या पलीकडे बस देणं बंधनकारक आहे, त्याच्या आत दिली तर ती सौजन्याची, तुमचं घर किती अंतरावर आहे? त्या बाईला खरी माहिती मिळायची. तिला हवं होतं ते 'हो, करते'. शेजारच्या दारावर दुसऱ्या उमेदवाराचा माणूस ते बिनधास्त म्हणत असायचा.

प्रायमरीचा प्रचार आणि शाळांच्या बजेटचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. फेब्रुवारीच्या शेवटी तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी राज्याचं अंदाजपत्रक मांडलं. त्या वर्षी कोणत्याही गावाची मदत ३ टक्क्यांपेक्षा जास्त कापायची नाही आणि ६ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा त्यांचा प्रस्ताव होता. आदल्या वर्षीपेक्षा बरं, पण खर्च वाढलेलेच. मार्चमध्ये कच्चं बजेट आणि त्याच महिन्यात सह्या. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत जाहीर सुनावणी, म्हणजे ऐन प्रचारात. आणि ज्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही अशा शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, हे १५ मेच्या आत कळवावं लागतं.

त्या सुनावणीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. सौजन्याच्या बसेस बंद, चौथीच्या मुलांचं व्हायोलिन बंद, काही जागा भरायच्या नाहीत, आणि कर पूर्ण २ टक्के वर. माइकसमोर पालकांची रांग दारापर्यंत गेली होती. तीत आमचा एक स्वयंसेवक होता, आदल्या शनिवारी ताईंची पत्रकं वाटलेला. तो बसबद्दल बोलला, चांगलं बोलला, आणि शेवटी बोर्डाकडे बघून म्हणाला की याच्या बाजूने हात वर करणाऱ्याने पुन्हा आमच्या दारात येऊ नये. ताईंनी मान हलवून ऐकलं.

दुपारीच सल्लागाराचा फोन येऊन गेला होता. त्याचं गणित सरळ होतं. बजेट मंजूर व्हायला मतं पुरेशी आहेत. तुमचं एक मत विरोधात गेलं तर शाळांचं काही बिघडत नाही आणि तुमच्यावर ना बस बंद केल्याचा ठपका ना कर वाढवल्याचा. मला, खजिनदार म्हणून, ते गणित बिनचूक वाटलं. ताई म्हणाल्या, "बजेट समितीत मीच बसले. हे आकडे मीच जुळवलेत. आता बाकीच्यांनी हात वर करायचा आणि मी खाली ठेवायचा?" रात्री साडेअकराला मतदान झालं. त्यांनी हात वर केला. ते इंजिनियर विरोधात गेले. त्यांची कारणं वेगळी होती आणि तीही त्यांनी नीट मांडली.

दोन आठवड्यांत घरोघर गुळगुळीत कागदाची पोस्टकार्डं आली. गोड नावाच्या कुठल्याशा गटाने पाठवलेली. ताईंचा एक मुद्दाम वाईट निवडलेला फोटो, आणि खाली दोन ओळी: यांनी तुमचा कर वाढवला, यांनी तुमच्या मुलांची बस बंद केली. खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच उत्तर देणं अवघड. सूत्र, मर्यादा, घरांच्या किमती, ट्रेंटनने ठरवलेली मदत, हे सगळं पोस्टकार्डावर मावत नाही. मावलं असतं तरी मतदारसंघभर एक फेरी पाठवायला सहज पंधरा हजार डॉलर लागतात. खात्यावर काय उरलं होतं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

प्रायमरीत मतदान पूर्वीपेक्षा बरंच झालं. गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक बाजूला सहा जण होते, त्यामुळे लोक बाहेर पडले. राज्यभर असेम्ब्लीतले बहुतेक जुने सभासद टिकले, थोडे पडले. आमच्याकडचे टिकले. ताईंना आमच्या गावात चांगली मतं मिळाली, शेजारच्या गावांत फारशी नाही. स्कूल बोर्डाचा माणूस त्याच्या गावाच्या हद्दीबाहेर कुणालाच ठाऊक नसतो, आणि असेम्ब्लीचा मतदारसंघ म्हणजे अशी अनेक गावं.

माझं मत असं झालंय. ज्याने शंभर पालकांसमोर बसून नको असलेल्या गोष्टीला हात वर केला आहे, असा माणूस ट्रेंटनमध्ये बसायला सगळ्यात लायक. पण तिथे पोचण्याचा जो रस्ता आहे तो अशा माणसाच्या बाजूने आखलेला नाही. बोर्ड शिकवतं की शब्द देऊ नका, आणि प्रचारात शब्दाशिवाय दुसरं चलन नाही. जे दोन्हीत तरतात ते एकतर बोर्डावर शिकलेलं लवकर विसरतात, किंवा गावाबाहेर ओळख होईपर्यंत काउंटीत, पक्षात दहा वर्षं घालवतात. ताईंनी दुसरा मार्ग धरावा असं मी त्यांना सांगितलंय. त्या विचार करताहेत.

मतदानानंतरचा शेवटचा अहवाल मी वेळेत भरला. बोर्डावर ताई अजून आहेत, बजेट समितीतही. तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर एक करा. तुमच्या बोर्डाच्या सभेचा दिवस आणि अजेंडा शाळेच्या संकेतस्थळावर असतो. लोकांना बोलायला वेळ ठेवणं बोर्डाला कायद्याने भाग आहे, आणि तिथे बोलायला मतदार असावं लागत नाही. एच-वनवर असलात, ग्रीन कार्डाची वाट बघत असलात, तरी गावचे रहिवासी म्हणून नाव-पत्ता सांगून माइकसमोर उभे राहा. बजेटची सुनावणी मेच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी उरकते. नंतर येऊन उपयोग नाही. आणि नागरिक झाला असाल तर जूनच्या मतदानाला जा.